वयस्कांचा पिच्चर

आमच्या गल्लीत आकाराम कंडक्टर राहतो. एसटीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली, पण चारचौघांत उभा राहिला की अजून त्याचे डोळे आपोआप डोकी मोजतात. लग्नाला रिक्षानं निघालो तरी हा म्हणणार, "मागं सरकून घ्या, मागं जागा हाय." रिक्षात मागं सरकून माणसानं जायचं कुठं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. नियम म्हणजे नियम, हा त्याचा धर्म. आणि तोंड विचाराल तर, घाटात गाडी बंद पडल्यावर तो इंजिनाला ज्या शिव्या द्यायचा त्या ऐकण्याच्या नादात प्रवासी धक्का मारायचं विसरायचे.

बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून कसंतरी वाटेल. वाटू दे. आमच्याकडं दोस्तानं शिवी न देता हाक मारली, तर माणूस घरी जाऊन विचार करत बसतो की आपलं काय चुकलं. मी गेली तीस-पस्तीस वर्षं पिठाची गिरण चालवतोय. गिरणीच्या घरघरीत गोड बोललेलं ऐकूच येत नाही, शिवी मात्र स्वच्छ ऐकू येते.

गिरणीपुढं नगरसेवकाच्या नावाचं एक सिमेंटचं बाकडं आहे. संध्याकाळी तिथं आमचा कट्टा बसतो. नाव 'ज्येष्ठ नागरिक कट्टा'. मला साठ ओलांडून जेमतेम वर्ष झालंय आणि ज्येष्ठ म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण बाकडं माझ्याच दारात असल्यामुळं मला सुटका नाही. कट्ट्यावर आकाराम आणि माझ्या खालोखाल महत्त्वाचा माणूस म्हणजे रफिक पेंटर. एके काळी कोल्हापुरातल्या टॉकीजवरची मोठमोठी चित्रं त्यानं हातानं रंगवली. फ्लेक्स आलं आणि ब्रश खुंटीला लागला. तो कमी बोलतो, पण मिशीतल्या मिशीत सारखा हसत असतो. असल्या माणसापासून सावध राहावं.

तर आता आक्का. आकारामची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून आकारामला तिनंच वाढवला, म्हणजे बडवून वाढवला. तिला बिद्रीला दिलेली. मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, म्हणजे आकारामचे दाजी, साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या ओळीत लावून घ्यायच्या कामाला होते. हंगामात तिथं ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या यांचा जो चिखल होतो, त्यातून वाट काढायला संस्कृत चालत नाही. दाजींच्या शिव्या पार राधानगरीपर्यंत नावाजलेल्या. ट्रॅक्टरवाल्यांना देत, बैलांना देत, घरी आल्यावर न पेटणाऱ्या चुलीलाही देत. आणि त्या ऐकून आक्का पदर तोंडाला लावून हसायची, हे आकारामनंच मला सांगितलेलं.

दाजी बसल्या जागी गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आकारामनं आक्काला कोल्हापूरला आणलं आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर येऊन हुकूम सोडला.

"आजपासनं हितं शिवी न्हाय. आक्का दुःखात हाय. तिच्या कानावर वंगाळ शब्द पडला तर माझ्याशी गाठ हाय."

आम्ही कबूल झालो. दुःखापुढं काय बोलणार? पण आकाराम नियमाचा माणूस, त्यानं हा नियम घरातही लावला. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी कबनूरला गेलेली, म्हणजे घरात हा, मुलगा, सून मोना आणि आक्का. टीव्हीवर कीर्तनाशिवाय काही लावायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही. मोनाच्या हातून पातेलं पडलं तर ती आधी आक्काकडं बघून माफी मागायची. आणि स्वतः आकाराम, जो जन्मभर "ए आक्के" म्हणून ओरडत आला, तो आता "आक्का, आपण दूध घेता का?" असं विचारू लागला. आपण! मी हे कानांनी ऐकलं आणि मला ठसका लागला.

आक्का दोन-चार दिवसांनी कट्ट्यावर येऊन बसायची. ती आली की आमचा कट्टा म्हणजे शोकसभा. गुडघेदुखी, काढे, हवापाणी. तीही "व्हय", "न्हाय" म्हणायची आणि उठून जायची. चांगली उंच, हाडापेराची बाई, पण बघता बघता वाळत चालली. एक दिवस तिनं जाहीर केलं की अमावस्या झाली की ती बिद्रीला परत जाणार.

आकाराम गिरणीत आला तेव्हा त्याचा चेहरा पिठापेक्षा पांढरा होता. "ज्ञानू, ती तितं एकटीच ऱ्हाणार. परड्यात शेवाळ हाय. बीपीची गोळी ध्यानात ऱ्हात न्हाय तिला. पडली तर दोन दिस कुणाला कळायचं बी न्हाय." मग डोळे पुसत म्हणाला, "उभ्या जल्मात मी गाडीत म्हाताऱ्या माणसाला जागा दिली रं. माझ्या घरात माझीच आक्का बसंना झालीया."

आक्कानं राहावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्यानं जे सुचेल ते केलं. आम्हाला सगळ्यांना गोळा करून तिच्यासाठी जोतिबाला नेलं. तिनं गुलाल लावून घेतला, नमस्कार केला, परत आली आणि पिशव्या कुठं ठेवल्यात म्हणून मोनाला विचारू लागली.

अशात एक दिवस आकाराम स्टँडकडून आला तो उड्या मारतच. "सापडलं!" म्हणाला. "गड्यांनो, आपल्या माणसांसाठी पिच्चर आलाय. खास आपल्या वयाच्या माणसांसाठी! सरकारनं तसा शिक्काच मारलाय."

त्यानं पाहिलं होतं ते असं. स्टँडजवळच्या मोठ्या बोर्डावर एक हिंदी पिच्चर. पांढऱ्या दाढीचा हीरो हातात मोठा झारा घेऊन उभा, मागं मांडव, आणि खाली ठळक अक्षरांत, 'केवल वयस्कों के लिए'.

"वयस्क म्हंजे कोण? आपुन!" आकारामनं छाती ठोकली. "इतकी वर्सं सगळं पोराटोरांसाठी. आता कुणालातरी आपली आठवण झाली. हीरो बी आपल्याच वयाचा हाय. दाढी बघा की. झारा घेऊन उभा, म्हंजे अन्नदानाचा विषय असणार."

कट्ट्यावर सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? रफिक तेवढा मिशीतल्या मिशीत हसला. आक्काही एवढ्या मिनतवाऱ्यांनंतर तयार झाली, जाण्याआधी भावाचं मन कशाला मोडायचं म्हणून.

मोनानं फोनवर तिकिटं काढली. तिनं सासऱ्याला एकदा विचारलं म्हणे, "मामा, नक्की ह्योच?" आणि मामा म्हणाले, "व्हय, वयस्कांचा." पोरगी गप्प बसली. मामांना वयस्कांचाच बघायचाय, तर आपण कोण आडवं येणार?

आमच्या गल्लीतले उदयसिंह सरनाईकही यायला तयार होते. वय त्रेपन्न, दोन लेकी नांदायला गेलेल्या. आकारामनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. "तुम्ही अजून वयस्क न्हाई. ह्यो पिच्चर तुम्हांस्नी चालायचा न्हाय. अजून सात वर्सं कळ काढा." उदयसिंह बिचारे खाली मान घालून गेले. माझं आधार कार्ड मात्र त्यानं उजेडात धरून तपासलं आणि "एकसष्ट, चालतंय," म्हणून परत दिलं. ज्येष्ठ होण्याचा फायदा मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

दुपारचा खेळ. आम्ही आठ-नऊ जण स्वच्छ कपडे करून, टोप्या घालून, बायका नऊवारीत, मल्टिप्लेक्सच्या दारात. आकारामनं सगळ्यांची आधार कार्डं पत्त्यांसारखी हातात धरलेली. दारावरच्या पोरानं ती बघितली आणि हात जोडले.

"आजोबा, ऱ्हाऊ द्या की. दिसतंय."

"दिसून चालत न्हाय. बघ. नियम म्हंजे नियम."

पोरानं एकेक कार्ड बघितलं. आकाराम प्रसन्न झाला. असा कडक माणूस दारावर आहे म्हणजे आत सगळं व्यवस्थित असणार. मग त्यानं अर्ध्या तिकिटाची चौकशी केली. एसटीत ज्येष्ठांना असतं, मग वयस्कांच्या पिच्चरला का नसावं? पोरगं नुसतं हसलं.

आम्ही आत जाऊन बसलो. आकाराम उभा राहून डोकी मोजायला लागला आणि थांबला. अख्खं थेटर कॉलेजच्या पोरांनी भरलेलं. शिट्ट्या, हाका, लाह्यांचे डबे. आकाराम संतापला. तरातरा दाराकडं गेला. आक्का एकटी नको म्हणून बाकीचे बसून राहिले, मी मात्र भांडण होईल म्हणून त्याच्या मागं गेलो.

"ही पोरं आत सोडली कशी? ह्यांस्नी भाईर काढा. ह्यांचं वय काय हाय?"

"अठरा पूर्ण हायत आजोबा. कार्डं बघूनच सोडतोय."

"अठरा? अठरा म्हंजे वयस्क?"

"व्हय की. हिंदीत वयस्क म्हंजे अठराच्या वरचा. शिव्या, रक्त, मारामारी लय हाय, म्हणून पोरंसोरं घेत न्हाय आम्ही."

आपल्याकडं वयस्क म्हणजे वय झालेला. तिकडं वयस्क म्हणजे वयात आलेला. एवढ्याशा फरकावर आकारामचं जग उभं होतं आणि ते पायाखालून सरकलेलं मी पाहिलं. तो पांढराफटक पडून "आक्का!" म्हणाला आणि आत धावला. पण दिवे गेले होते, आणि आम्ही खुर्चीपर्यंत पोचतो न पोचतो तोच पडद्यावरच्या पहिल्या माणसानं पहिलं वाक्य उच्चारलं. ते वाक्य मी इथं लिहीत नाही. त्यात क्रियापद सोडलं तर बाकी सगळं आईबहिणीवर होतं.

आमच्या ओळीतल्या टोप्या खाली वाकल्या. पलीकडं पोरं खिंकाळत होती. आकाराम आक्काच्या पुढं वाकून रुमाल हलवत होता, जणू रुमालानं आवाज झाकता येतो.

पिच्चरची गोष्ट साधी होती. पांढऱ्या दाढीचा हीरो पूर्वीचा मोठा गुंड. आता सगळं सोडून लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेतो. एका लग्नात जुने दुश्मन त्याला मारायला येतात, आणि ह्याची अट एकच, वऱ्हाडाला काही कळता कामा नये आणि रस्सा करपता कामा नये. म्हणून तो एका हातानं माणूस लोळवतो आणि दुसऱ्या हातानं रस्सा ढवळतो. एकाला पिठाच्या परातीत बुडवतो, वर काढून विचारतो, "मीठ बरोबर आहे का?" रक्त उडालं की आधी पातेल्यावर झाकण ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरून पडतो, उठतो, कंबर धरतो आणि दुश्मनाला म्हणतो, थांब जरा, पाठीत उसण भरली. दुश्मनही साठीचा. तोही थांबतो. दोघं मिळून बाम लावतात आणि मग पुन्हा एकमेकांना हाणतात.

मी किती हसलो ते सांगत नाही. हसता हसता मला कळलं की ही पोरं अर्धंच हसतायत. विशीतल्या पोराला पडणं म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. पडला, उठला. न्हाणीघरात पाय घसरला की काय होतं ते आम्हाला विचारा. आम्ही माणसं खांद्यावरून पोचवून आलोय, रोज जिने मोजून उतरतोय, आणि समोर आमच्याच वयाचा एक माणूस मरणाला झाऱ्यानं टोले देतोय, वर शिव्या घालतोय. शिक्का मारणाऱ्यांचा हेतू काही असो, आकारामनं लावलेला अर्थ मला तेव्हा जास्त बरोबर वाटला.

पण आकारामचं पडद्याकडं लक्ष नव्हतं. आक्काचे खांदे हलत होते. पदर तोंडावर. त्याला वाटलं, रडतेय. तो तिच्या कानाशी वाकला. "आक्का, चला, आपण घरी जाऊ."

"बस खाली," आक्का म्हणाली. "दिसंना झालंय."

मध्यंतरात आकारामनं रफिकला कोपऱ्यात गाठलं. "तुला ठाऊक हुतं?"

"मर्दा, असल्या पिच्चरवरचा मोठा 'ए' उभ्या जल्मात मीच रंगवत आलोय."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू आणला असतास व्हय? मला बघायचा हुता की."

उत्तरार्धात हीरो आणि हिरॉईनचं जरा जवळिकीचं दृश्य आलं. आकाराम चटकन उठला आणि आक्काच्या पुढं उभा राहून पंचा झटकायला लागला. मागची पोरं ओरडली, "ओ आजोबा, बसा की!" आक्कानं त्याच्या धोतराचा सोगा धरून त्याला खाली ओढलं. आणि शेवटच्या मारामारीत तर दुश्मन मागून सुरा घेऊन आला, तेव्हा आक्का मोठ्यानं ओरडली, "मागं बघ की रं मुडद्या!" सगळं थेटर हसलं. आकारामनं कपाळाला हात लावला.

परत येताना आक्का रिक्षात बाहेर बघत बसली होती, डोळे ओले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोंधळा दळत होतो, तोवर आकाराम धावत आला. "पिशव्या भरायला लागली रं. अमावस्येला अजून येळ हाय, तरी आजच जाते म्हणती. माझ्यामुळं झालं. थोरल्या भनीला मी असलं दाखवलं." त्याला रडू आवरेना. रफिक बाकड्यावर होता, तोही उठला. तिघं मिळून माफी मागायला गेलो.

आक्का पुढच्या सोप्यात बसून लुगडी घडी करत होती. मोना दारात उभी, तोंड बारीक करून. आकारामनं हात जोडले.

"आक्का, चूक झाली. आपण ते ध्यानात धरू नका. असलं वंगाळ आपल्या कानावर पडायला नको हुतं. आपण मोठ्या मनानं..."

आक्कानं लुगडं मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"काल त्या अंधारात मला ह्यांचा आवाज आला," ती म्हणाली. "आक्षी तसाच. कारखान्यावरनं आल्यावर बोलायचं तसा. मी डोळं झाकून ऐकत हुतो. वाटलं, उघडलं की शेजारी असतील." तिनं मांडीवरच्या लुगड्याची घडी हातानं दाबली. "घरी आलो आनि तू म्हनलास, आपण दूध घेता का. तवा ठरवलं, जायचं. दोन म्हयनं ह्या घरात एक शिवी ऐकली न्हाय. कुनी माझ्यावर वरडलं न्हाय. माझ्याम्होरं कुनी हसत न्हाय. पावनी हाय का मी? मढं उचललं त्ये ह्यांचं. माझं न्हाय उचललं अजून. मग मला का जपून ठेवलाय मढ्यागत?"

 रफिकनं मान खाली घातली. मला आमचं बाकडं आठवलं, तिथल्या काढ्यांच्या गप्पा आठवल्या आणि लाज वाटली.

आक्का उठली. पिशवी उचलली आणि दाराकडं निघाली. आकाराम तिच्या आडवा आला.  मग गेले दोन महिने कुलपात ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"तुझ्या आयला तुझ्या, म्हातारे! जातीस कुठं? तितं परड्यात घसरून मेलीस म्हंजे? ठेव ती पिशवी! कुठल्या भाड्यानं तुला एकटीला ऱ्हायला सांगितलंय? तंगडं मोडून ठिवीन, पर जाऊ देणार न्हाय!"

 मोनानं दोन्ही हात तोंडावर घेतले. आकाराम स्वतःच घाबरला होता, पण रस्ता सोडून हलला नाही.

आक्काचा पदर हळूहळू तोंडाकडं गेला. खांदे हलायला लागले. तिनं पिशवी त्याच्या छातीवर ढकलली.

"मुडद्या, माझी आय ती तुझीबी आयच हुती की," ती म्हणाली. मग खाली बसली, डोळे पुसले आणि लुगडी पिशवीतून परत काढू लागली. "आनि तुझं दाजी ह्येच्यापरास चांगली शिवी देत हुते. शिकशील हळूहळू."